न हललेली मान

(जाफनाजवळचं एक गाव. ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणाआड, भर दुपारी, स्वयंपाकघरात निवृत्त रेल्वे कारकून कदिरवेलू आणि त्यांची बायको पुवनम.)

पुवनम : काल डोक्यावर पोतं घालून लष्कराच्या जीपमध्ये बसवलेला माणूस तुम्हीच ना?

कदिरवेलू : हळू बोल! कोण म्हणालं?

पुवनम : कुणी नाही. परतलात तेव्हा केसांत तागाचे तंतू होते. मीच वेचून चुलीत टाकले.

कदिरवेलू : रेशनच्या रांगेतून उचललं गं मला. पण शपथेवर सांगतो, तोंडातून शब्द काढला नाही.

पुवनम : पोत्यातल्यानं बोलायचं नसतंच. मान हलवायची असते.

कदिरवेलू : नाही म्हणूनच हलवत होतो! पोरं एकेक करून समोर आणत होते. अधिकारी विचारायचा, ‘हा बंडखोर?’ शिंप्याचा, दूधवाल्याचा, सगळ्यांना ‘नाही’. सगळे सुटले.

पुवनम : आणि शेजारच्या रासम्माचा कुगन?

कदिरवेलू : तो खाली माझ्या पायांकडे बघत होता. वाटलं, ओळखलं यानं. पोत्याआत श्वास कोंडला. मान दगड झाली. मी काहीच केलं नाही, पुवनम. अधिकारी म्हणाला, ‘समजलं,’ आणि त्याला छावणीवर नेलं.

पुवनम : मग जा. सांगा, तो होकार नव्हता.

कदिरवेलू : ते विचारतील, मग बाकीचे नकार तरी खरे कशावरून? पुन्हा सगळ्यांना उचलतील. आणि आपल्या रानातल्या बंडखोर पोरांना कळलं, तर खबऱ्या म्हणून मला दिव्याच्या खांबाला बांधून गोळी घालतील.

पुवनम : लग्नाचं विचारलं तेव्हा मी दाराआड गप्प उभी होते. अप्पा म्हणाले, मुलगी तयार आहे. मग तुमचा राग गप्प, माया गप्प. मी आपली अर्थ लावत आले. चुकले तर फार तर भात उरायचा. इथं पोर जाईल, अहो.

रासम्मा : (कुंपणाच्या फटीतून) अण्णै! घरात आहात ना?

कदिरवेलू : नाही म्हणून सांग.

पुवनम : तुम्हीच सांगा.

रासम्मा : अण्णै, तुम्हाला सिंहळी येते. छावणीवर चला माझ्याबरोबर. कुगनला त्यांची भाषा कळत नाही हो, काय विचारतात नि काय सांगतो! त्या पोत्यातल्या मेल्याला माझंच लेकरू दिसलं? … अण्णै? … बरं, कळलं. तुम्ही कधी तोंडानं ‘हो’ म्हणालात? त्याच्या बापाला खांदा द्यायलाही असेच न बोलता आला होतात. लुगडं बदलून येते. फाटकाशी थांबा.

पुवनम : गेली.

कदिरवेलू : तिला वाटतंय, मी येतो म्हणालो.

पुवनम : हो.

कदिरवेलू : धुतलेला सदरा दे.

पुवनम : अहो, गुंडी भलत्याच काजात घातलीत. द्या, गुंड्या मी लावते.

कदिरवेलू : पुवनम, पोत्यात मी होतो हे वाटेत मला सांगता आलं नाही, तर मागाहून तिला तू सांग.