मी फक्त तार जोडली हो!

...आणि हसतात कसले हो! रविवारी, चर्चमध्ये, भर प्रार्थनेत, मागच्या तीन बाकांवरची तरणीताठी मंडळी तोंडात रुमाल कोंबून गदगदा हलतायत, पास्टरसाहेब एकदम छताकडे बघायला लागलेत, आणि मी आपला मध्येच उभा... पंच्याहत्तर वर्षांचा ऑर्व्हल टोलेफ्सन, टेलिफोनच्या खांबांवर एक्केचाळीस वर्षं चढउतर केलेला माणूस, आणि मला कळेचना की मी असं बोललो तरी काय? मी फक्त तार जोडली हो!

तुम्हाला सांगतो काय झालं. आमच्या समोर आर्डिथ राहते. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, माझी डोरीन जाऊन चार. आर्डिथनं नवा टीव्ही घेतला, तर कंपनीवाले म्हणतात माणूस तीन आठवड्यांनी येईल. तीन आठवडे! आणि ते जानेवारीत! बाहेर उणे तीस, नॉर्थ डकोटाचा वारा दारं उपटतोय, बाईनं बघायचं काय, भिंत? गुरुवारी गेलो, अर्ध्या तासात जोडून दिला. तिनं कॉफी दिली, लिंबाच्या वडीसारखा लेमन बार दिला, नको म्हणेपर्यंत दुसरा दिला, आणि टीव्हीकडे बघत हळूच म्हणाली, "घरात कुणाचा तरी आवाज आला हो, ऑर्व्हल. बरं वाटलं." आता हे ऐकून माणसाला काही वाटेल की नाही? मला वाटलं. बरंच काही वाटलं... पण ते राहू द्या.

तर रविवारी पास्टरनं नेहमीसारखं विचारलं, "कुणाला आनंदाची बातमी सांगायचीय का?" मी उठलो. म्हटलं, "गुरुवारी मी आर्डिथबरोबर हुक-अप केलं. अर्ध्या तासात झालं, ती खूश आहे. आणखी कुणा विधवा बाईंना गरज असेल तर संकोच करू नका, मी फुकट करून देईन. हत्यारं माझी मीच घेऊन येईन."

संपलं!

बाहेर गाडीत माझी नात, ब्रिटा, डोक्याला हात लावून बसलेली. "आजोबा, हुक-अप म्हणजे काय माहितीय तुम्हाला?"

"न माहिती असायला काय झालं? जोडणं!"

"हो, पण कुणी कुणाला जोडणं?"

आणि सांगितलंन की मला, हल्ली हुक-अप म्हणजे लग्नाबिग्नाशिवाय एका अंथरुणात शिरणं! शाळेत शिकवते ती, अर्धवट समजावणं तिला जमतच नाही, उदाहरणासकट सांगितलंन. मी गाडीची काच खाली केली. उणे तीसमध्ये!

अहो, पण किती सज्जन शब्द होता हा! आमचे वडील सकाळी ओरडायचे, "ऑर्व्हल, घोडे हुक-अप कर!" की मी निघालो घोडे गाडीला जुंपायला. वडील आईबद्दलसुद्धा तेच म्हणायचे, "हिच्याशी हुक-अप झालो त्या वर्षी गारांनी गहू झोपवला." म्हणजे लग्न हो, पास्टरसमोर लावलेलं! आणि डोरीन... दर रविवारी आरशापुढे पाठ करून उभी राहायची, "जरा हुक-अप कर की रे, उशीर होतोय," आणि मी तिच्या झग्याचे हुक लावायचो. बारीक हुक, माझी बोटं ही एवढी जाड, शेवटचा हुक हटकून सुटायचा आणि ती हसायची. घोड्यांना चालला, बायकोला चालला, टेलिफोनला चालला, आणि आमच्या पाठीमागे हा शब्द इतका वाया गेला, तर कुणी आम्हाला दोन ओळी लिहून कळवायचं की नाही? मी फक्त तार जोडली हो!

इकडे आर्डिथच्या खिडकीचे पडदे बंद! ॲरिझोनात लेक आहे तिची, तिथपर्यंत बातमी गेली, लेकीनं फोनवरून आईला अर्थ सांगितला. सोमवारी मी हात केला, तिनं बघितलंच नाही. मंगळवारी मी डोरीनचा जाडजूड शब्दकोश काखेत मारला आणि तडक तिच्या दारात. तिनं साखळी न काढताच दार उघडलं. एक डोळा दिसत होता, आणि तो रागावलेला होता.

म्हटलं, "हे वाचा. पहिला अर्थ, घोडे जुंपणे."

"म्हणजे मी घोडी?"

"नाही नाही, खाली बघा, झग्याचे हुक..."

"ऑर्व्हल!"

"बरं, तो सोडा. हा बघा, हा जुना आहे. लग्न करणे."

तो डोळा पानावर उतरला. बर्फ त्या पानावर पडतोय, मी बोटानं पुसतोय... आणि साखळी खळ्ळकन निघाली. दार सगळं उघडलं. आर्डिथ उंबऱ्यात आली, केस विंचरलेले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग तुम्हाला ह्यातला कुठला अर्थ म्हणायचा होता?"

तुम्हाला सांगतो, वादळात खांबाच्या टोकावर लोंबकळलोय मी, कधी घाबरलो नाही. तेव्हा घाबरलो. उत्तर माहीत होतं हो मला! समोर छापलेलं होतं, माझं बोट त्याच्यावरच होतं! नुसतं वाचून दाखवायचं होतं! आणि माझ्या या तोंडातून काय निघावं?

"मी फक्त तार जोडली हो!"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बरं. पुस्तक भिजतंय, घरी जा." आणि दार लावून घेतलं.

मार्चमध्ये ती लेकीकडे ॲरिझोनाला गेली. घर विकलं. तिकडे तिला डुएन नावाचा दाताचा डॉक्टर भेटला, निवृत्त, बोलका म्हणे फार, लाजणं वगैरे प्रकार नाही. परवा लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर आर्डिथचंच अक्षर, 'ऑर्व्हल आणि सोबत कुणी असल्यास'. सोबत! आता सोबत कोणाला नेऊ, सांगा? आत भरून परत पाठवायचं उत्तराचं कार्ड, तिकीट लावलेलं. मी सगळं उलटून पालटून बघितलं, म्हटलं ह्या बाईला मला आणखी काही विचारायचंय का...

एकच प्रश्न होता. जेवायला कोंबडी की मासा?

ह्या वेळी नाही चुकलो. कोंबडीवर खूण केली.