मारुतरावांनी साप तपासला

...अहो, बोटाला साप चावलाय, अन् हा माणूस माप घ्यायला व्हर्नियर मागतोय! आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

हा माणूस म्हणजे आमचे मारुतराव. चाकणला गियरच्या कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीला. ड्रॉइंगशी ताडून बघितल्याबिगर सख्ख्या भावाचा माल पास करायचे न्हाईत! परवा सकाळी लाकडी पॅलेट सरकवायला गेले, तर फळीखालनं हातभर काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे... कचकन् चावलाच की! स्टोअरच्या लक्ष्मणरावांनी बादली पालथी घातली सापावर अन् बोंब ठोकली, "मण्यार! मेलास रं मारुत्या!"

आता मारुतराव घाबरले का? घाबरले की राव! पण तोंडातनं काय निघावं? "ड्रॉइंग कुठंय?"

सापाचं ड्रॉइंग! तुम्हाला सांगतो, मी कपाळावर हात मारला. बरं, दुखतंय का? तर अजिबात न्हाई. तेवढाच मारुतरावांना धीर. तर हे लक्ष्मणराव म्हणतात, "मण्यारीचंबी दुखत न्हाई. माणूस झोपतो, तो झोपतोच!" झालं! मारुतराव डोळे ताणून बसले, पापणी लवू देईनात, अन् बायकोच्या नावानं "सरूला बोलवा, सरूला बोलवा" चालू!

तेवढ्यात गॅरेजवाला नौशाद आला, आमच्याकडचा सर्पमित्र. बादली उचलली अन् हसायलाच लागला. "भाऊ, कवड्या आहे हा, बिनविषारी! पट्टे बघा, मानेपासून सुरू, शेपटीकडं पुसट. मण्यारीचं उलटं, मानेपाशी कोरी अन् शेपटीकडं ठळक. हा बिचारा रात्री भिंती चढून पाली खातो, दिवसा फटीत झोपतो. तुम्ही झोपमोड केलीत त्याची!"

मारुतराव म्हणतात, "ड्रॉइंग कुठंय?"

नौशादनं मोबाईलवर कवड्याचा फोटो दाखवला, तर हे पट्टे मोजायला लागले! दोन पट्ट्यांमधलं अंतर घ्यायला व्हर्नियर पायजे! फोटोत सतरा पट्टे, सापाला चौदा. "जुळत न्हाई."

"अहो भाऊ, साप काय साच्यातनं काढतात का?"

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवसभर नजरेखाली ठेवलं, सापाचा फोटो बघितला, म्हणाले, "कवड्याच आहे. घरी जा." दुसरा असता तर नाचत गेला असता! हे पलंगावरनं हलेनात. बावीस वर्षं दुसऱ्याच्या मालावर सह्या केल्या, अन् स्वतःच्या जिवावर करायची वेळ आली तर हात धजेना हो...

"डॉक्टर, तीन पट्टे कमी हायेत. शंका असली की माल पास न करता होल्डवर ठेवतात."

मी म्हटलं, "अहो, साप तर नौशादनं डोंगरात सोडला!"

"साप न्हाई हो... मला ठेवा!"

आज तिसरा दिवस. साप तिकडं निवांत पाली खातोय, अन् आमी हिकडं मारुतरावांना डबा पोचवतोय.