फक्त सोमवारी रुसणारी गाडी

गाडी फक्त सोमवारीच रुसते, हे तुम्हाला पटणार नाही. पण सिल्वासात असताना मी घेतलेली जुनी डिझेल पिकअप तशीच होती. इतर दिवशी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. सोमवारी सात-आठ वेळा सेल्फ मारावा लागे, आणि कारखान्याच्या गेटवर मी उशिरा पोचलो की माल दुसऱ्या गाडीत चढलेला असे.

बॅटरी बदलली, फरक शून्य. शेवटी जयंतीभाई मिस्त्रीला माझी वही दाखवली. रोज सकाळी किती सेल्फ लागले, ते मी त्यात लिहीत असे.

त्यानं पानं उलटली. "भाऊ, मे महिन्यापर्यंत तर सोमवार पण बराबर आहे. पछी काय झालं?"

"काही नाही. मुलांच्या शाळेसाठी बायको शिरपूरला गेली."

"तेच्या आधी रविवारी गाडी चालायची?"

"हो. तिला खानवेलला फिरवून आणायचो."

"मग बरोबर! डिझेलचा पाइप हवा खेचतो. गाडी दिवसभर उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरतं. वॉशर बदलतो, नाहीतर भाभीला बोलवा."

वॉशर बदलला. सोमवारी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. पुढच्या रविवारी करायला काही नव्हतं, म्हणून पाइप, हवा, वॉशर असं सगळं बायकोला पत्रातून सविस्तर कळवलं.

आठवड्यानं तिचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या.

"गाडीचं सगळं समजलं. आता तुमचं लिहा."