आरशातला टीव्ही

सौंसरच्या बसस्टँडवर लोधीखेड्याच्या गाडीसाठी पुंडलिकराव रांगेत उभे होते. पुढच्या दोघींच्या तोंडी आपलं नाव आलं, तसे त्यांनी कान टवकारले.

"कलामावशी, भावाले टीव्ही घ्याचा हाय. पुंडलिकरावचा कसा हाय व?"

"डब्बा मजबूत हाय, वत्सला. पाठ मातर पातळ पुठ्ठ्याची. भोकातून गरम वाफ येते."

"अन् चित्र?"

"साफ दिसते. पण उलटं."

"उलटं कसं?"

"पयले आमी बौद्धवाड्यातल्या बाया खिडकीतून सामोरून पाहो. मंग त्यानं टीव्हीची पाठच खिडकीकडं केली. म्हणे, काचेवर ऊन येते."

"दिवे लागल्यावर कायचं ऊन व?"

"आता सामोरच्या कपाटाच्या आरशात पाहून राहिलो आमी. तू बोलू नको कोठी. त्याले समजलं तं आरशावर चादर टाकल."

गाडी आली. दोघी चढल्या. पुंडलिकरावांनी दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला आणि ते खालीच थांबले.

खिडकीतून कलाबाई वाकली.

"या ना भाऊ, काऊन थांबले? मी सरकतो, जागा होते."