लग्न झालेल्या काजलले आलेली स्थळं

...अन् वरतून पुष्कर मलेच म्हणते, "काकू, तुम्हीच तर सांगितलं होतं!" सांगतलं होतं, हो! पण मी काय सांगतलं अन् यानं काय केलं, ते तुम्हीच ऐका!

तुम्हाले सांगते, वाडीत लग्न जुळवायचं माझं मंडळ हाये. चौथी शिकली मी, पण पारशिवनीपासून कोराडीपर्यंत कोणाची पोरगी लग्नाची झाली, हे तिच्या मायच्या आधी मले मालूम! तर आमच्या घरमालकाचा पुष्कर, कंप्युटर कंपनीतला, म्हणे, "काकू, तुमची सगळी स्थळं आमच्या क्लाउडवर ठेवा. मशीन आमची, कुलूप आमचं, रोजची नक्कल काढणं आमचं, जुळणाऱ्यांना मेसेजही आपोआप. तुम्ही काही बघू नका, आम्ही सगळं बघतो!" क्लाउड म्हंजे काय गा? त म्हणे, दुसऱ्याच्या गोदामातली मशीन, भाड्यानं. आता या गोदामांच्या वाडीत राहून मले गोदाम समजणार नाही काय? दिलं सोपवून!

बरं. दिवाळीत पारशिवनीचे आनंदराव तोंडावर म्हणाले, "तुमच्याकडच्या पोरी काही खास नाहीत." खास नाहीत? पोराले आरशात पाह्यलं काय कधी? मी तवाच त्यांचा गोलू मोबाइलवरून मिटवून टाकला! परवा आले गरीब तोंड करून. मले दया आली. पुष्करले फोन लावला, गोलूले वापस आण! "काकू, एकट्याला नाही आणता येत. दिवाळीची नक्कल लावली तर सगळंच दिवाळीला जाईल." म्हटलं, लाव ना मंग, काहून विचारून राहिला? तुम्हीच सगळं बघता ना! अन् ठेवला फोन.

लावली त्यानं! दिवाळीनंतर ज्यांचे ज्यांचे लग्नं मी लावले, ते सारे सकाळी मशीनीत कुंवारे! मांडव मोडले, हळद धुतल्या गेली, अन् घरोघर मेसेज... "अभिनंदन! आपल्यासाठी योग्य स्थळं!"

आमच्या गल्लीतली काजल, दिवाळीनंतर मीच लग्न लावून दिलेली, पोटुशी हो! फोन नेमका सासूच्या हातात. गोपिकाबाई तिले पिशवीसकट घेऊन माह्या दारात, "माह्या पोरात काय खोट दिसली वं तुले? दुसरे नवरे काहून धाडून राहिली सुनेले? हिच्या मायनंच नाव टाकलं असन! ठेव हिले इथंच!" पोरीचे डोळे रडून रडून सुजलेले... जुळवलं मी, अन् मोडूनही मीच राहिली!

पुष्करले धरून आणला. "काकू, घाबरू नका, परवाची नक्कल लावतो. फक्त गोलू पुन्हा जाईल." जाऊ दे बाप्पा, त्याले मी हातानं लिहीन! "ते तर तेव्हाच करता आलं असतं, काकू." मंग बोलला काहून नाही? "तुम्ही फोन ठेवला ना!" पाहा! हे म्हणे सगळं बघते!

झालं, साऱ्यांचे लग्नं पुन्हा लागले. गोपिकाबाईले मोबाइल दाखवला, पुष्करले तिच्यासमोर उभा करून कबूल करवलं, चहा पाजला. शेवटी पिशवी तिनंच उचलली, "चाल बाई घरी," म्हणे काजलले. माह्या जिवात जीव! तं पायरीवरून वापस फिरली, हळूच म्हणते, "कांताबाई, त्या मेसेजातला कोराडीचा पोरगा... आमच्या पोरीले, खुशीले, कसा राहीन वं?"

म्हटलं, बाई, त्याचं लग्न झालं. मीच लावलं, माघात.

डोळे वटारून म्हणते, "काहून खोटं बोलून राहिली वं? सकाळी त कुंवारा होता!"