नकाशातला ढग

वटार गावच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजात शिकणारा ॲलिस्टर होता आणि त्याच्या शेजारच्या रोझलिन आंटी.

“आंटी, माझा प्रोजेक्ट सिलेक्ट झाला! जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा आहे ना, त्यासाठी. माझा प्रोग्राम उपग्रहाचे जुने फोटो बघून बुजवलेली तळी शोधतो.”

“म्हणजे वाडीतली आपली बावखलं?”

“तीच! मोबाईलवर हे लाल ठिपके बघा. हे बॅप्टिस्ट अंकलचं. पाणी बुजवून घरं बांधतात, लाजच नाही लोकांना.”

“हुशार रे बाबा. आणि चुकलं काही तर?”

“कोणीही दुरुस्त करू शकतं. तीच तर गंमत आहे.”

“मग तुमच्या बंगल्याखालचं कुठाय?”

“आमच्या?”

“मी पोहायला शिकले त्यात. तुझ्या डॅडीने ट्रक लावून भराव घातला.”

“ते... राहिलं असेल. फोटोत ढग होते.”

“अख्ख्या वटारवर ऊन, आणि ढग तेवढा तुझ्या डॅडीच्या बंगल्यावर?”

“नंतर टाकतो ना, आंटी.”

“तू कशाला? कोणीही करू शकतं ना? दे इकडे मोबाईल. कुठे दाबायचं?”

“आंटी, बस आली.”

“येऊ दे. कुठे दाबायचं ते सांग.”