बाहेरची सोयरीक

तुम्ही हसाल, पण गेल्या महिन्यात मी एका माशा खाणाऱ्या झाडाचं लग्न जुळवायला बसलो होतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी नीताशी जातीबाहेर लग्न केलं तेव्हापासून आई तिचं नावही काढत नव्हती. आम्ही दोघं खोपोलीला, आई भिसेगावात. दर रविवारी मी एकटाच जायचो. तिला करमावं म्हणून हे माशा खाणारं झाड, व्हीनस फ्लायट्रॅप, नेऊन दिलं होतं. त्याच्यावर तिचा इतका जीव जडला, की बी धरावं म्हणून रोज सकाळी स्वतः फुलांवरून मऊ ब्रश फिरवायची.

त्या रविवारी गेलो तर म्हणाली, "रोज ब्रश लावते रं, पण एक दाणा धरत नाय."

म्हटलं, "आई, ह्याचेच पराग ह्यालाच लावून भागत नाही. दुसऱ्या झाडाचे आणले तर बी चांगलं धरतं."

"म्हंजे ह्याला बाहेरची सोयरीक लागती?"

"हो."

मग हळूच म्हणालो, "आमच्याकडे एक फुललंय. पण ते नीताचं आहे."

आई बराच वेळ पदराने कुंडी पुसत बसली. पुसण्यासारखं काही नव्हतं तिच्यावर.

"पुढच्या रविवारी मी घेऊन येतो," मी म्हटलं.

"बाईकवरनं? फुलाचा दांडा मोडशील," आई कुंडीकडेच बघत म्हणाली. "मागं बसून धरायला कुनी नको का रं?"